पहिली साडी

नव्या साडीच्या खळीचा वास आला की अजून दुकानाचा पहिला दिवस आठवतो. चिकपेटच्या कापडबाजारात आम्ही दुकान उघडलं तेव्हा हाच वास होता. व्यापारी संघाच्या माणसानं पहिली साडी घेतली, की मगच बाजार नव्या दुकानात पाऊल टाकायचा. दुपार झाली तरी कुणी येईना. मी घामाघूम.

बायको म्हणाली, "तोंड सुतकी करू नका. गिऱ्हाईक पळेल."

तेवढ्यात संघाचे अण्णा आले. हसून कानडी मिसळून म्हणाले, "स्वल्प, थोडी भीती असावी. सरी, ठीक आहे, घरच्यांसाठी एक साडी द्या."

आज संघानं मला पाठवलं, एका पोरीच्या नव्या दुकानात. ती घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालत होती. मी साडी घेतली.

घरी बायको नाही, वारली. पिशवी उघडायची भीती वाटते. वास घरभर होईल, आणि मी तिला हाक मारीन.