दोरीतला अर्धा मीटर

१४ डिसेंबर, सकाळी ६:४०. आमच्या हॉकी संघाचे निम्मे घरचे सामने महाविद्यालयात, निम्मे भंडाऱ्याच्या स्टेडियमवर होत. इथे महाविद्यालयात माझे पेनल्टी कॉर्नर गोलात जात. तिथे गोलरक्षक ते अडवी. कारण शोधायला मी टेप घेऊन आले.

मैदान आखणारे काका एक डोळा मिटून, गोलखांबाला बांधलेल्या दोरीने फक्कीचे अर्धवर्तुळ काढत होते; गोल मारायचा तो याच्या आतूनच. दोरीला मध्येच जाड गाठ होती.

“तुटली होती, मंग जोडली.”

टेपवर अर्धवर्तुळ अर्धा मीटर कमी भरले; इथे माझा फटका तेवढा जवळून बसत होता. त्यांनी हातावरची फक्की झटकली.

“आजची मॅच इथंच हाय. बरोबर केलं त तुमचे गोल कमी होतीन. काय करू, बाई?”

अंतिम सामना स्टेडियमवर होता. तिथे ही गाठ येणार नव्हती.

“बरोबर करा,” मी म्हणाले.

त्यांनी पायाने जुनी रेषा पुसली. नव्या रेषेची नोंद: नियमाप्रमाणे १४.६३ मीटर.