बरगीच्या पाण्यावर मोडलेला बूम

रत्नागिरीहून निघालो तेव्हा शेजारचे भाई फाटकाला टेकून हसत होते. "जबलपूर? शिडाची होडी बघायला? अहो सुर्वे, तिकडे समुद्र कुठे आहे?" खरं तर माझ्याही मनात तेच होतं. पण लेकीच्या सासऱ्यांना दुसऱ्या कोणी हसलेलं मला खपत नाही. हसायचंच असेल तर मी आहे की! "येऊन सांगतो," म्हटलं आणि पिशवी उचलली.

आमच्या घराण्यात तीन पिढ्या समुद्रावर गेल्या. आजोबा तांडेल (नावेचे प्रमुख), वडील तांडेल, मी बंदराच्या लाँचवर तीस वर्षं. माझे व्याही नामदेवराव वानखेडे मूळचे अमरावतीकडचे, जबलपूरच्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी अंगणात, स्वतःच्या हाताने, चार माणसं झोपू शकतील अशी शिडाची नाव बांधली. सहा वर्षं लागली. फोनवर मला म्हणाले, "इवाईजी (व्याहीबुवा), तुम्ही समुद्रातले. एकदा येऊन पाहून जा जी." असं मानाचं बोलावणं आल्यावर कोण घरी बसेल?

इटारसी मागे पडली तशी खिडकीतून थंडी आत येऊ लागली. जबलपूरच्या फलाटावर नामदेवराव मफलर गुंडाळून उभे. आधारतालच्या त्यांच्या घरी पोचेपर्यंत त्यांनी दोनदा माझी पिशवी हातातून घेतली आणि एकदा वाटेत थांबून खोवा जलेबी (खव्याची काळसर जिलबी) खायला घातली. गरम, जड, आणि इतकी गोड की मी दुसरी नको म्हणायचं विसरलो.

घरात शिरलो तर लेकीआधी विहीणबाई पुढे आल्या. कुसुमताई बोलायला रोखठोक. पाण्याचा तांब्या हातात दिला आणि लगेच मुद्द्यावर आल्या. "बरं झालं आलात. रविवारी फैसला आहे."

"कसला फैसला?"

"नावेचा. दोन वर्षांमागं ह्यांच्या नावेचा तो बूम मोडला. ह्यांच्या डोक्याला सात टाके. कोळ्याच्या डोंग्यानं दोरी बांधून ओढत आणलं, सारा घाट हसून राहिला होता. मी म्हटलं, आता एकदा मला बसवून न्या, अन् कोणाच्या दोरीवर न येता परत आणा. नाही जमलं तर नाव मंडल्याच्या त्या गृहस्थाला देऊन टाकायची. तो कधीचा मागून राहिला."

नामदेवराव बूट काढत होते. मान वर न करता म्हणाले, "जमन." एवढंच. पण त्यांची बोटं बुटाच्या नाडीवर थांबलेली मी पाहिली.

वाचकांसाठी सांगतो. डोलकाठीपासून मागे, शिडाच्या खालच्या कडेला जो आडवा दांडा असतो, तो बूम. आमच्या कोकणातल्या होड्यांचं तिरकं शीड बिनबुमाचं, त्यामुळे बुमाचं दुखणं मला ऐकूनच माहीत. अर्थात हे मी तेव्हा कबूल केलं नाही. कोकणातून बोलावलेला तज्ज्ञ मी! मान हलवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी ओमतीच्या बाजारात जाऊन नायलॉनची दोरी घेतली. दुकानदाराने दोरी दाखवली की नामदेवराव ती हात हात उलगडून बोटांतून ओढत. तिथेच त्यांनी मला पहिला बूम का मोडला ते सांगितलं.

"माझीच गलती. मधोमध भोक पाडून बोल्ट टाकला. काय सफाईदार भोक होतं! पण जिथं ताण सगळ्यात जास्ती, तिथंच मी लाकूड खाल्लं. आता एक भोक नाही, सगळे पट्टे बाहेरून आवळलेले. अन् एक स्टॉपर दोरी."

ही स्टॉपर दोरी म्हणजे सगळ्यात मोठी खबरदारी. वारा पाठीवर असताना नाव जरा वाकडी झाली की वारा शिडाच्या दुसऱ्या अंगाला शिरतो आणि बूम एका बाजूचा दुसऱ्या बाजूला फाडकन जातो. मधे डोकं आलं तर डोकं फुटतं, नाही आलं तर बूम मोडतो. म्हणून बुमाच्या शेपटाकडून एक दोरी पुढे नाळेला, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकाला, बांधून ठेवायची.

रविवारी उजाडताच बरगीला पोचलो.  धरणाचं पाणी पसरलं होतं ते नजर पुरेना इतकं, पलीकडे निळसर टेकड्या, वर एक ढग नाही. पाण्याला मीठ नव्हतं एवढंच. घाटावरचा एक म्हातारा "नर्मदे हर" म्हणाला आणि मीही हात जोडले.

नाव पांढरी, अंगाने भरलेली, आणि खोटं कशाला बोलू, देखणी! बारसं मात्र तिचं झालेलं नव्हतं. नामदेवराव वर चढले, लाकडी हातोडीने बूम या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकत गेले, कान लावून. मग स्टॉपर दोरी शेपटाला बांधली आणि गाठीशेजारी खडूने लिहिलं, ना. वा.

"हे काय?"

"कारखान्याची सवय जी. ज्यानं हात लावला त्यानं सही करायची. मग काही बिघडलं तर शोधत बसा लागत नाही."

मला गंमत वाटली. सहा वर्षं एकट्याने बांधलेल्या नावेवर हा गृहस्थ स्वतःच स्वतःची सही करतो!

कुसुमताई शालीवरून जीवरक्षक जाकीट चढवून मधल्या फळीवर बसल्या, डबा मांडीवर. जाताना वारा तोंडावर होता, नागमोडी जात राहिलो. नामदेवरावांचा हात सुकाणूवर असा हलका की मी टोकायला काही शोधत होतो आणि काही सापडत नव्हतं. दुपारी एका मोकळ्या काठाला लागलो. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, मिरचीचा ठेचा. ठेच्याने माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तशा कुसुमताई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

परतीला वारा पाठीवर. बूम बाहेर सोडला, आणि शेपटापासून नाळेकडे जाणारी दोरी नेमकी कुसुमताईंच्या खांद्याला घासू लागली. नामदेवराव मागे सुकाणूवर, शिडाआड. मी म्हटलं, एवढं काय त्यात! लांब दोरी सोडली आणि बुमाच्या मधोमध आखूड बांधून टाकली. गाठ आमच्या आजोबांची, सुटायचं नाव नाही. विहीणबाई म्हणाल्या, "अच्छा झालं." मी फुशारून बसलो. खडू खिशात नव्हता, आणि असता तरी लिहिलं नसतं.

तासाभराने दोन टेकड्यांमधली खिंड आली आणि वारा एकदम फिरला. शीड उलट्या अंगाने फुगलं. गाठीने बूम मधोमध पकडून ठेवला, शेपूट मात्र वाऱ्याने पलीकडे खेचलं. कडाड! सागाचा तो दांडा माझ्या गाठीपाशीच मोडला. अर्धा तुकडा शिडाला लोंबकळत डावीकडे-उजवीकडे आपटू लागला.

"खाली बसा! सगळे खाली!" नामदेवराव ओरडले. त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. त्यांनी आधी शीड उतरवलं, मग दोन्ही तुकडे आत ओढून फळीला बांधले, म्हणजे आपटणार नाहीत. पुढचं छोटं शीड तेवढं ठेवलं, नाव हाताबाहेर जाऊ नये म्हणून. हे सगळं झाल्यावर ते तुटक्या जागेपाशी आले आणि गाठीकडे बघत उभे राहिले. गाठीशेजारी सही नव्हती.

  कुसुमताईंचा चेहरा पांढरा पडला होता. "काहून हो, पुन्हा मोडला? तुम्ही तर म्हणून राहिले होते की..." नामदेवरावांनी नुसती मान खाली घातली. बायकोपुढे पाहुण्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून तो माणूस सहा वर्षांची नाव घालवायला तयार झाला होता. मला माझीच लाज वाटली. मी त्यांच्या खिशातला खडू काढला आणि मोडक्या लाकडावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, द. सु.

"विहीणबाई, यांचा बूम चांगला होता. मी मोडला. दोरी मी हलवली."

नामदेवराव माझ्याकडे पाहून म्हणाले, "चलो, सापडली गलती. आता दुरुस्त करू."

नुसत्या पुढच्या शिडावर टेकडीपर्यंत जाता आलं असतं. पण टेकडी वळली की घाटाला वारा आडवा, मोठ्या शिडाशिवाय पोचणं नाही. नामदेवरावांनी हत्यारांच्या पेटीतून करवत काढली आणि एक वल्हं कापून दोन केलं. तुटलेली टोकं जुळवली, दोन्ही बाजूंनी वल्ह्याच्या खपच्या, हाड मोडल्यावर बांधतात तशा. मी पेटीतल्याच सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळत गेलो, वरून दोरी, दोरीत काठी घालून पीळ. जिथे ढिलं वाटलं तिथे लाकडाची पाचर. पुन्हा हातोडीने ठोकून ऐकलं. आवाज भद्द आला.

"पुऱ्या शिडाला नाही टिकणार. निम्मंच चढवू. अन् स्टॉपर शेपटाला."

मी शेपटाला बांधली आणि शेजारी सही केली. निम्मं शीड चढलं. दांडा कुरकुरला, पण धरून राहिला. कुसुमताई दोरीखालून सरकून पलीकडे बसल्या. एवढं सोपं होतं ते!

टेकडी वळलो. घाट दिसू लागला, माणसं दिसू लागली. नाव इतकी सावकाश चालली होती की काठावरची गाय आमच्यापुढे निघून गेली. तेवढ्यात मासेमारीचा एक मोटरडोंगा जवळ आला. पट्ट्यापट्ट्यांनी बांधलेला बूम बघून कोळ्याने दोरीचं वेटोळं उचललं. "दादा, रस्सी फेंकूँ?"

 नामदेवरावांनी कुसुमताईंकडे पाहिलं. अट त्यांची होती, भीतीही त्यांनाच वाटत होती. सकाळपासून त्यांनी फळीची कड सोडली नव्हती. 

कुसुमताईंनी शाल सारखी केली आणि घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "रस्सी रहने दो भैया! हमारे ये ला रहे हैं!"

आम्ही आलो. ओढत नाही, ढकलत नाही, शिडावर आलो. नामदेवराव मफलरने तोंड पुसत होते, बराच वेळ. माझी छाती अशी भरून आली की मी घाटावरच्या अनोळखी माणसाला पकडून सांगितलं, "हे माझे व्याही!"

उतरण्याआधी कुसुमताईंनी हात पुढे केला. "खडू द्या इकडं." वाकून त्यांनी आमच्या दोघांच्या सह्यांच्या जोडीला, खपच्यांवर, सावकाश अक्षरं काढली: कु. वा. "मीही बसली होती ना ह्याच्यात," म्हणाल्या. "अन् मंडल्यावाल्याला सांगून द्या, नाव देणं नाही."

रत्नागिरीला परत आलो तो भाई फाटकाशी हजर. "काय सुर्वे, चालवतात का जबलपुरात शिडाची होडी?" परतीच्या गाडीत सगळ्या वाटेवर मी विचार करत आलो होतो. समुद्र आमचा, तीन पिढ्यांचा. पण चूक झाली तर ती स्वतःच्या नावाने लिहायची, हे मला बिनसमुद्राच्या गावातल्या एका फिटरने शिकवलं.

"चालवतात," मी म्हटलं. "माझे व्याही चालवतात. मोडका बूम बांधून, कोणाची दोरी न घेता घाटाला आणतात."

"मोडका? मोडला कोणी?"

"मी," मी म्हटलं. "लपवून काय करू? सही केलेली आहे."