खंडेनवमीच्या आधीचा राउटर

बाभुळगावच्या आमच्या कापूस खरेदी केंद्रावर वजनकाट्याजवळ अजून जुनी टर्मिनलं आहेत. नुसता पडदा आणि कळफलक. ती ज्या जुन्या प्रोटोकॉलमध्ये बोलतात, तो नव्या राउटरला मुद्दाम शिकवावा लागतो. नवी यंत्रं घ्यायची नाहीत, माझ्यासारख्या कंत्राटी पोरांकडून जुनीच रेटून घ्यायची, हा संस्थेचा धंदा. त्यावर मी पत्रक काढलं, गेटवर वाटलं. तेव्हापासून ऑफिसातले साहेब मला बघून हसायचे. त्या हसण्याची मला भीती वाटायची.

प्रोटोकॉल मीच यवतमाळच्या ऑफिसात बसून चढवला. टर्मिनलं चालू झाली. साहेब म्हणाले, "सेव्ह करू नको. मी सांगेन तेव्हा."

रीत तशी चुकीची नाही. सेव्ह केलेलं नसलं, की काही बिघडल्यावर राउटर नुसता बंद-चालू करायचा, तो आधीच्या मांडणीवर जातो. पण मधेच कोणी बंद केला, तर माझं सगळं काम पुसलं जाणार.

खंडेनवमीच्या आदल्या दुपारी केंद्रातल्या कारकून काकूंचा फोन आला.

"बाबू, उद्या मशिनीची पूजा हाय. सारं बंद करून पुसून राह्यलो."

"काकू, तो हिरव्या लाइटचा डबा बंद नका करू!"

"काहून? त्यालेच तर पहिलं कुंकू. चालू मशिनले ओलं फडकं लावू का, मराले?"

दुसऱ्या फोनवरून साहेबांना लावला, तर बंद. दसऱ्यानंतर कापसाच्या गाड्या लागणार, टर्मिनलं काळी पडलेली असणार. मग बोट कोणाकडे? पत्रकवाल्याकडे. मुद्दाम बंद पाडलं म्हणतील, पोलिसात देतील. आणि सेव्ह केलं, तर हुकूम मोडला म्हणून काढतील.

"पाच मिनिटं थांबा, काकू."

"कर लवकर. तुया डब्यापायी फडकं वाळून राह्यलं."

पासवर्ड दोनदा चुकला. सेव्ह झालं.

"करा बंद."

माझ्या पडद्यावरची लाइन तुटली.

दसरा मी फोन हातात धरून काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन. "आलं रे सारं! गाड्या लागल्या."

थोड्याच वेळात साहेबांनी बोलावलं. हसतच विचारलं, "सेव्ह कोणी केलं?"

"मी." मी पुढे म्हणालो, "का केलं, ते लिहून देतो. सेव्ह करू नको म्हणालात, तेवढं तुम्हीही लिहून द्या."

हसू गेलं. "जा, कामाला लाग."

मी लिहून दिलं. त्यांनी अजून दिलेलं नाही. ऑफिसात शिरताना रोज आधी बघतो, माझी खुर्ची जागेवर आहे का.