आबांच्या मोटारीची केबल

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पुष्कळ होतात. ही वही कुणाच्या हाती लागलीच, तर मला माफ करावं. चौथी झाली आणि मी वडिलांच्या मेंढरांमागं गेले. पुढं पेन हातात धरलं ते उसाच्या रोपवाटिकेत, ट्रे मोजून लिहिण्यापुरतं. चार माणसांत मला बोलता येत नाही, म्हणून जे झालं ते इथं लिहून ठेवते.

आमचं गाव बावड्याच्या जवळ. पोलीस ठाण्यातल्या एका मॅडमनी गावात समिती केली होती. वाईट वळणाला लागू पाहणाऱ्या पोरांशी गुन्हा घडायच्या आधीच बोलायचं, त्यांना कामाला, शिक्षणाला लावायचं, हे समितीचं काम. एक तरी बाई हवी म्हणून मला घेतलं. मी दाराजवळ बसायचे आणि चहा झाला की कप विसळायचे. माझ्याकडून कुणाची दुसरी अपेक्षा नव्हती, माझीही नव्हती.

दिवाळीनंतर आबांच्या विहिरीवरची मोटारीची केबल चोरीला गेली. आबा म्हणजे कॅनॉलकडेचे म्हातारे शेतकरी, सगळं गाव त्यांना आबाच म्हणतं. आतल्या तांब्यासाठी अशी केबल जाळतात, आणि त्या जळक्या प्लॅस्टिकचा वास अंगच्या कपड्यांतून लवकर जात नाही. पानटपरीवर तीन पोरं शेजारी उभी होती, तिथं आबांना तो वास आला. त्यांनी सरळ विचारलं, आणि तिघांनी माना खाली घातल्या.

अठरा-एकोणीसची पोरं. तिघंही पोलीस भरतीसाठी पहाटे पळायची. अंगावर एक केस आली की भरती संपली, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. तिघांतला धाकटा माझ्या शेजारणीचा, एकुलता एक. मॅडमनी आबांना विनंती केली, तक्रार देण्याआधी समितीला पोरांशी बोलू द्या. आबा कसेबसे थांबले.

पोरांना बोलावण्याचं काम समितीच्या अध्यक्षांकडं होतं. ते म्हणजे तात्या. पाणीपट्टी असो, रेशन असो, कुणाची शेळी हरवलेली असो, तात्या ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरूनच सांगतात. त्यांनी तेच केलं. वाईट मार्गाला लागलेल्या पुढील मुलांनी पाच वाजता मार्गदर्शनासाठी देवळात यावं, असं म्हणून तिघांची नावं बापाच्या नावासकट दोनदा वाचली. पार वस्तीपर्यंत ऐकू गेली. पाचला देवळात आम्ही, सतरंजी आणि बिस्किटाचे पुडे. पोरं आलीच नाहीत. शेजारीण दोन दिवस नळावर आली नाही. मॅडम तात्यांना नको ते बोलल्या. तात्यांना मात्र शेवटपर्यंत कळेना, आपलं चुकलं काय.

मला मेंढरं आठवली. कळपातून फुटलेल्या मेंढराला मागून हाका मारल्या की ते आणखी पळतं. आपण लांबून वळसा घालायचा आणि त्याच्या पुढं जाऊन उभं राहायचं, न बोलता. न बोलणं तर मला येतच होतं.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना मी कॅनॉलच्या पुलावर गेले. तिघं कठड्यावर बसलेली. मी डोक्यावरचे रिकामे ट्रे खाली ठेवले आणि सांगितलं, वरकुट्याहून रोपांची मोठी ऑर्डर आली आहे, रोपवाटिकेत माणसं कमी आहेत. थोरला हसला. "मावशी, आमी कोण हाय ते भोंग्यावर ऐकलं न्हाय का?"

"ऐकलं. ट्रे उचलायला चांगल्या नावाची माणसं लागत न्हाईत."

कुणी हसलं नाही, पण सकाळी तिघंही फाटकात उभी होती. रोपवाटिकेच्या मालकांना मी सगळं खरं सांगितलं होतं. ते म्हणाले, तुझ्या भरवशावर घेतो.

त्याच संध्याकाळी आबांनी समितीला तक्रार न देण्याची अट सांगितली. नवी केबल त्यांनी अठरा हजारांना उधारीवर आणली होती. ते पैसे भरतीचे फॉर्म निघायच्या आत परत आले तर तक्रार नाही. पण घरच्यांनी दिलेला रुपया चालणार नाही, पोरांच्या कष्टाचाच पाहिजे. आणि तो समितीतल्या त्या गप्प बाईकडं जमा व्हायचा, कारण ती कुणाला सांगत फिरणार नाही. अशी मी खजिनदार झाले. रोजाची निम्मी मजुरी घरी, निम्मी माझ्या डब्यात, असं ठरलं.

उसाच्या कांडीवरचा डोळा, जिथून कोंब फुटतो तो, कापायचा आणि कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा भरलेल्या ट्रेमध्ये बसवायचा. दिसायला सोपं. पहिल्या आठवड्यात पोरांनी डोळे उलटे बसवले, बोटं कापून घेतली. बायका त्यांना साहेब म्हणायच्या. "साहेब, हात वर करा, आणखी तीस ट्रे हायेत." हळूहळू पोरांचे हात बसले. कोऱ्हाळ्याला रोपांची गाडी गेली तेव्हा थोरला ड्रायव्हरशेजारी ऐटीत बसला होता.

फॉर्मची चर्चा सुरू झाली तेव्हा डब्यात पाच हजार कमी होते. शेजारीण पदराआड नोटा घेऊन आली.

"अक्का, डब्यात टाक. आबाला कुठं कळतंय?"

मी म्हणाले, मला कळेल.

"माझ्या लेकराचं वाटोळं करतीस व्हय? तुला पोर न्हाय म्हणून."

ते खरं होतं, आणि लागायचं तिथं लागलं. एरवी मी उठून चुलीकडं गेले असते. त्या दिवशी मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. म्हणाले, "हे घेतलं तर ते पोलीस व्हईल, पण आतनं चोरच ऱ्हाईल. न्हाय घेणार."

ती गेली. दुसऱ्या दिवशी धाकटा कामावर आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पुलावर एकटाच दिसला. कामावर जाताना मी डोक्यावरचे ट्रे खाली ठेवून त्याच्या पुढं उभी राहिले. त्यानंच विचारलं, "आई पैसं देत व्हती, तुमी घेतलं न्हाय?"

"न्हाय."

"मग अजून किती कमी हायेत?"

मी आकडा सांगितला. त्यानं ट्रे उचलले आणि माझ्या पुढं चालायला लागला. त्या दिवसापासून पहाटेचं पळणं झालं की तिघंही थेट कामावर, रविवारची सुट्टीही नाही. शेवटच्या पंधरवड्यात तिघांनी घरी विचारून अख्खी मजुरी डब्यात टाकली. शेजारणीनं हो म्हटलं होतं, हे मला धाकट्याकडूनच कळलं. ती माझ्याशी अजून बोलत नव्हती.

फॉर्म निघायला चार दिवस असताना आम्ही चौघं आबांच्या विहिरीवर गेलो. मोटार चालू होती, पाणी पाटानं चाललं होतं. डबा मी धाकट्याच्या हातात दिला. आबांनी मोटार बंद केली, बांधावर बसले, अंगठा ओला करून नोटा मोजल्या. मळक्या, कोकोपीट लागलेल्या नोटा. पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. पोरं उभीच होती. मग गठ्ठा बंडीच्या आतल्या खिशात घातला, रिकामा डबा माझ्याकडं दिला आणि म्हणाले, "अठरा. फिटलं."