ट्रंक कॉलवरची भागीदारी

अकोल्याकडच्या मालेगावात आमच्या तुरीच्या दुकानात फोन बसला, तेव्हा माझ्या भागीदाराने त्याला हळदकुंकू वाहून नारळ फोडला. मी म्हणालो, "आता पाया बी पड त्याच्या." तर पठ्ठ्या खरंच पडला. आम्ही लहानपणापासूनचे दोस्त. एकाच खोलीत राहायचो. भाकरी तो थापायचा आणि करपवायचा, शिव्या मी घालायचो.

फोन येण्याआधी आमचा धंदा म्हणजे अंधारात तीर मारणं. अकोल्याचा भाव संध्याकाळच्या एसटीने यायचा, तोही कंडक्टरच्या तोंडून, म्हणजे शिळाच. सकाळी घेतलेली तूर महाग पडली हे दिवे लागल्यावर कळायचं. म्हणून बोली हात राखून करायची, माल गोदामात दाबून ठेवायचा, आणि चहाच्या टपरीवर बसून रिठद-मेडशी अशा खेड्यांतून माल आणणारा कास्तकार काय बोलतो ते कान देऊन ऐकायचं. बाजारात भागीदाराने नुसती भुवई उडवली की मी बोली थांबवायचो.

फोनने ही सगळी घडी मोडली. भागीदाराचं डोकं माझ्यापेक्षा तेज. तो म्हणाला, "फोन इथं असून काय कामाचा? तिकडं बी आपला मानूस पायजे. मी अकोल्याले बसतो. भाव निंगाला की लगेच तुह्या कानात." एका हंगामापुरतं ठरलं आणि तो गेला.

रोज सकाळी एक्सचेंजमधून ट्रंक कॉल लागायचा. भाव, पोती, ट्रक, एवढंच. तीन मिनिटांच्या वर जाणं म्हणजे उधळपट्टी. इकडे माझं माप पूर्ण व्हायच्या आत तिकडे तो माल विकून मोकळा. गोदाम आम्ही सोडूनच दिलं. नफा थोडा, पण रोजचा. टपरीवर बसायची गरज उरली नाही, आणि बसलोच तर बाकीचे व्यापारी गप्प व्हायचे. "आला टेलिफोनवाला," एवढंच कोणीतरी म्हणायचं. मला राग यायचा, पण त्यांच्या जागी मी असतो तर याहून वाईट बोललो असतो.

हंगाम संपला, तो आला नाही. "आता आलो त इथली जागा जाईन. पुढच्या खेपेले येतो." पुढच्या खेपेला तिथलंच त्याचं लग्न ठरलं. मी गेलो, पाहुण्यांच्या पंगतीत जेवलो आणि मिळाली त्या एसटीने परत आलो.

मग एकेक करत मालेगावच्या इतर दुकानांतही फोन खणखणू लागले. भाव सगळ्यांना एकदमच कळू लागला. ज्या फायद्यासाठी तो गेला होता तो फायदा गेला. तो मात्र तिकडेच राहिला. मी खोलीत एकट्यापुरता भात टाकायचो. फार एकटं वाटायचं. दिवसभर माणसांशी सौदे करणाऱ्याने हे सांगायचं तरी कोणाला?

एका उन्हाळ्यात तूर संपून बाजार सुना पडला होता. भर दुपारी मी फोनची दांडी फिरवली आणि एक्सचेंजकडे अकोला मागितलं. त्याला सांगायचं होतं, ये बे परत, धंदा गेला खड्ड्यात, पहिल्यासारखं राहू. कॉल लागेपर्यंत मी वाक्यं जुळवत बसलो.

"आज कायचा भाव?" पलीकडून तो ओरडला. "बाजार बंद हाय ना!"

"भाव नाही पायजे मले."

"ट्रक अडकला का कुठी?"

"नाही."

"मंग फोन कायले केला?"

चिडून नाही विचारलं त्याने. त्याला खरंच उमगत नव्हतं.

"असाच," मी म्हणालो. "लाइन चालू हाय का पाह्यलं."

"चालू हाय ना," तो म्हणाला, आणि पैसे वाचावेत म्हणून लगेच फोन ठेवून दिला.