साडेसोळा इंच

माझ्या मामाला सगळा बाजार 'साडेसोळा' म्हणायचा. तो बंदुका दुरुस्त करायचा. लांब रायफल गाडीच्या दारात अडते, झाडीत गुंतते, म्हणून ती आखूड करून मागणारे पुष्कळ यायचे. कायद्यानं नळीची हद्द सोळा इंच ठरवलेली. त्याखाली गेलं की ते लपवायचं हत्यार, आणि मालक नि कारागीर दोघेही गोत्यात. मामा कुणासाठीही साडेसोळाच्या खाली उतरला नाही. वरचा अर्धा इंच माझ्या झोपेसाठी, म्हणायचा.

गिऱ्हाईकं शिंप्याची फीत बाहेरून लावून हुज्जत घालायची. मामा नळीचं मागचं तोंड मिटवणारा बोल्ट बंद करायचा, नळीच्या तोंडातून लाकडी काठी आत टेकेपर्यंत सरकवायचा, तोंडाशी पेन्सिलीची खूण करायचा आणि मग ती काठी मोजायचा. कापलेलं तोंड लेथवर असं गुळगुळीत करायचा की नखसुद्धा अडकू नये. नळीखाली स्वतःचा शिक्का मारायचा आणि निघालेला तुकडा चिठ्ठी बांधून फळीवर ठेवायचा. मापांची वही नि चिठ्ठ्या अकरा वर्षं मीच लिहिल्या. या भंगाराचं लोणचं घालायचंय का, असं मी त्याला चिडवायचे.

माझे बाबा जंगलखात्यात पहारेकरी. त्यांची स्वतःची रायफल होती, बावीस इंच नळीची. मामानं साडेपाच इंच कापले, साडेसोळा ठेवले. आठवड्यानं बाबा परत आले. जीपमध्ये अजून अडते, आणखी तीन इंच घ्या म्हणाले. मामा म्हणाला, "दाजी, जीप बदला. नळी आता बदलायची नाही." बाबा हसले, चहा प्यायले आणि गेले. मी तिथंच होते.

आठ महिन्यांनी परवान्यांची तपासणी झाली. बाबांची नळी साडेतेरा भरली. बाबांनी नळी उलटी करून मामाचा शिक्का दाखवला आणि म्हणाले, मी कधी मोजली नाही, ज्याचा शिक्का त्यालाच विचारा.

तपासणी अधिकारी दुकानात आले. मामानं फळीवरचा साडेपाच इंचांचा तुकडा पुढे केला. साडेपाच नि साडेतेरा मिळून एकोणीस, आणि नळी मुळात बावीस. मधले तीन इंच मी कापले असते तर इथंच असते, म्हणाला. साहेब म्हणाले, ते तुम्ही फेकूनही दिले असतील. मी वही उघडली, तर ती भाचीच्या हातची म्हणून त्यांनी बाजूला सारली. पंधरा दिवसांत खुलासा करा, नाहीतर कारागिरीचा परवाना कायमचा रद्द.

मामा आमच्याकडे आला. बाबा बाहेरच्या खोलीत होते. थेट स्वयंपाकघरात गेला आणि आईसमोर पाटावर बसला. त्या दोघांचे आईवडील गेले तेव्हा आई सात वर्षांची होती. तिची वेणी घालण्यापासून तिचं लग्न लावण्यापर्यंत सगळं यानंच केलेलं, आणि त्या नादात याचं स्वतःचं लग्न राहिलेलं. त्यानं एवढंच विचारलं, तुला काही ठाऊक आहे का? आई ओट्याकडे तोंड करून म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं, दादा." तो चपला घालून गेला. बाबांनी केसानं गळा कापला, हे मला दिसतच होतं. आईवर मात्र मी विश्वास ठेवला.

तेराव्या दिवशी दुपारी मी त्याच स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. वाऱ्यानं खिडकीचा पडदा हलला आणि त्याच्या दोरीचं वजन गजावर खणकन वाजलं. कित्येक महिने ते आवाज करत होतं. त्या दिवशी मी हातात घेऊन पाहिलं. लोखंडी नळीचा तुकडा. एक तोंड करवतीनं ओरबाडलेलं. दुसऱ्यावरून नख फिरवलं, ते कुठंच अडकलं नाही. दोरीला दुहेरी गाठ होती. आमच्या घरात दुहेरी गाठ फक्त आई मारते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई मागे उभी होती. आता ती रडेल, असं मला वाटलं. ती रडली नाही. म्हणाली, "यांची नोकरी जाईल गं. दादाचं काय, तो एकटाच आहे."

मी कात्रीनं दोरी कापली आणि दुकान गाठलं.

मामानं तुकडा फूटपट्टीला लावला. करवतीनं खाल्लेलं सोडलं तर बरोबर तीन. आपण घासलेल्या तोंडावरून त्यानं अंगठा फिरवला. मी घाईघाईनं बोलत होते. उद्या हा साहेबांपुढे ठेव, मी साक्ष देते, बाबांचं काय व्हायचं ते होऊ दे.

त्यानं मान वर केली. "तिनं पाठवला?"

त्याचा चेहरा पाहूनही त्याला कोणतं उत्तर हवंय ते मला कळलं नाही. खरं बोलायची सवय त्यानंच लावलेली. मी म्हणाले, "नाही. मीच कापून आणला."

"मग नको," मामा म्हणाला.

मी भांडले. एकटी साहेबांकडे जाईन म्हणाले. तो म्हणाला, जा, पण हा माझ्या हातचा तुकडा नाही, असं मी सांगेन. मग त्यानं तुकडा माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं मिटली.

"नेऊन परत बांध. पडदा उडत असेल तिचा."

दोन दिवसांनी परवाना गेला. तुकडा मी बांधला नाही, माझ्या कपाटात आहे. त्यानं विचारलं तेव्हा मी नुसतं 'हो, तिनं पाठवला' म्हणायला हवं होतं. आमच्या घरात सगळे खोटं बोलले. ज्या एका खोट्यानं मामा वाचला असता, तेवढं मला जमलं नाही.