दानीएलाचे तेवीसशे दिवस

आमचे हे, मनोज मास्तर, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून रिटायर झाले आणि बायबल घेऊन सुरगाण्याकडच्या पाड्यांवर शिकवत फिरायला लागले. शाळेत एक दिवस शिकवलं नाही माणसानं, मास्तर केलं ते पाड्यावरच्या लोकांनी. त्यातून दानीएल संदेष्टा म्हणजे यांचा जीव की प्राण. त्याच्या दृष्टान्तातले चार पशू, दहा शिंगं, सगळं तक्त्यावर काढून दाखवायचे. मी म्हणायची, "अहो, जिथं भल्याभल्यांनी हात टेकले तिथं तुम्ही कशाला उडी घेता?" पण ऐकतील तर शपथ!

गेल्या मे महिन्यात झिपरूचा फोन आला. पाड्यावरची प्रार्थना तोच चालवतो. "मास्तर, लवकर या. भिमाबाई पेरायचं बी दळते हाय. रविवारी जगाचा शेवट म्हणते."

भिमाबाई एकटी, विधवा. नागलीचं, म्हणजे नाचणीचं, ते बी तिच्या सासूच्या वेळचं, दरवर्षी राख लावून जपलेलं. ते बाजारात मिळत नाही. दळून टाकलं तर बाई पेरणार काय आणि पुढल्या वर्षी खाणार काय?

पोचलो तर जातं घरघरत होतं. बियाण्याची टोपली अर्धी रिकामी. आणि भिंतीवर तक्ता, यांच्याच अक्षरातला! अकरा वर्षांपूर्वीचा. दानीएलाच्या दृष्टान्तातले तेवीसशे दिवस, एका दिवसाला एक वर्ष धरून, बरोबर या रविवारी आणून ठेवलेले. यांचा चेहरा पांढराफटक पडला.

भिमाबाई मात्र हसली. "आलात, मास्तर? रविवारी मेलेले उठतील, तुम्हीच सांगलं. माझी पल्लवी येल. तिला भाकर नको?"

पल्लवी तिची एकुलती एक लेक. चार वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली.

यांनी घसा खाकरला. "तसं नाही, भिमाबाई. त्या वचनाचा गूढार्थ असा की..."

जातं फिरतच होतं. मूठ मूठ बी आत पडत होतं. माझं डोकंच फिरलं.

"गूढार्थ गेला खड्ड्यात! चुकलात ना? मग तसं सांगा!"

हे मटकन खाली बसले आणि जात्याचा खुंटा धरला. "थांबा, भिमाबाई. मी चुकलो. ते दिवस त्या काळच्या मंदिराचे, तिथल्या लोकांच्या छळाचे. ही तारीख दानीएलाची नाही, माझी आहे. त्याला स्वतःलाही तो दृष्टान्त कळला नव्हता. आजारी पडला, मग उठून राजाच्या कामाला लागला. एवढंच लिहिलंय."

"मंग पल्लवी कवा येल?"

"येईल. पण कधी, ते मला माहीत नाही."

तिनं हातातली मूठ परत टोपलीत सोडली. मग टोपलीवर झाकण ठेवलं. मला वाटलं, चला, अर्धं बी तरी वाचलं.

"चार वर्षं मी रडले नाय, मास्तर," ती म्हणाली. "येणारच हाय म्हणून." आणि तिनं हंबरडा फोडला.